वाफेवर शिजणारी दक्षिण

दक्षिणी खाणं म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे आधी डोशाचा तवा येतो. त्यात नवल नाही. माटुंग्याला १९३६ साली कॅफे म्हैसूर सुरू झालं, १९४० साली कॅफे मद्रास, आणि १९४२ साली रामा नायकांनी केळीच्या पानावर जेवण वाढणारं बोर्डिंग काढलं. मुंबईच्या दोन-तीन पिढ्यांना दक्षिणेची चव कळली ती या आणि अशाच इतर ठिकाणी. हे ऋण मोठं आहे. पण हॉटेलच्या यादीत जे मावलं तेवढीच दक्षिण असा समजही तिथेच रुजला, आणि तो अजून हलायला तयार नाही. तवा ही दक्षिणेची एक बाजू. तिचं खरं कसब वाफेत आहे, आणि त्यातही पानात गुंडाळून उकडण्यात.

खाद्ययात्रांवर लिहिणारी हल्लीची मंडळी वाफवलेल्या पदार्थांना पथ्याचं खाणं म्हणून एका ओळीत उरकतात आणि लगेच तिखट रश्श्यांकडे वळतात. या लेखकाला हे कधीच पटलेलं नाही. तिखट, आंबट, तेल यांच्या आड स्वयंपाकातल्या चुका झाकता येतात. वाफेवरच्या पदार्थात तांदूळ जुना की नवा, उडीद ताजे की नाही, पीठ किती फुललं, पान कुठल्या झाडाचं, हे सगळं पहिल्या घासाला कळतं.

इडलीपासूनच सुरुवात करावी लागते, कारण वादही तिच्यावरच आहे. दहाव्या शतकातल्या ‘वड्डाराधने’ या कन्नड ग्रंथात ‘इड्डलिगे’ येते. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त ‘इडरिका’ आहे. या जुन्या उल्लेखांत पीठ उडदाचं आहे, तांदूळ नाही, रात्रभर आंबवणं नाही. एवढ्यावरून, आणि भारतात वाफवण्याचं भांडं नव्हतं या चिनी प्रवासी ह्युएन त्संगच्या नोंदीवरून, खाद्येतिहासकार के. टी. अचया यांनी तर्क मांडला की आंबवून वाफवण्याची रीत इंडोनेशियातून आली असावी. अचया मोठे अभ्यासक. त्यांनी तर्क म्हणूनच तो मांडला. पण गेली काही वर्षं तो सिद्ध झालेल्या इतिहासासारखा छापला जातो आहे. हे छापणाऱ्यांनी एकदा पालक्काडजवळच्या रामश्शेरीला जावं. तिथल्या मुदलियार कुटुंबांकडची इडली आपल्या ओळखीच्या इडलीहून पसरट आणि मोठी. मातीच्या मडक्याच्या तोंडावर दोऱ्याची जाळी, जाळीवर ओलं फडकं, फडक्यावर पीठ आणि वर दुसरं मडकं पालथं. झालं वाफवण्याचं भांडं. तांब्या-पितळेचं खास पात्र नव्हतं म्हणून वाफवणंच नव्हतं, हा निष्कर्ष या चुलीपुढे टिकत नाही.

कांचीपुरमची इडली हे आणखी वेगळं प्रकरण. वरदराज पेरुमाळच्या देवळात नैवेद्याला असते ती हीच. तांदूळ-उडदाचं रवाळ पीठ, त्यात भरडलेली मिरी, जिरं, सुंठ आणि सढळ तूप. कांचनाच्या जातीतल्या मंदारै झाडाची पानं लावलेल्या बांबूच्या उभ्या टोपलीत हे पीठ ओतायचं आणि तासन्‌तास वाफवायचं. मग त्या लांबट इडलीच्या चकत्या कापायच्या. सुंठ-मिरीचा ठसका आधी येतो आणि पानाचा वास मागून. हिच्याबरोबर सांबार मागू नये.

पण पानांचा खरा उत्सव पाहायचा तर मंगळूर-उडुपीकडे, श्रावण-भाद्रपदात. तिथल्या सारस्वत घरांत फणसाच्या पानांचे ‘खोट्टे’ होतात. चार पानं घ्यायची, देठं बाहेर राहतील अशी अधिक चिन्हासारखी मांडायची आणि झावळीच्या हिरांनी टाचत टाचत त्यांचा खोलगट पेला करायचा. टाके सैल पडले तर पीठ गळतं, फार ओढले तर पान फाटतं. यात उडीद आणि तांदळाच्या रव्याचं आंबवलेलं पीठ भरून उकडतात. फणसाचं पान वाफेला आलं की जो किंचित तुरट, ओल्या लाकडासारखा वास सुटतो, तो पिठात मुरतो. पान सोलून काढलं की खोट्ट्याच्या अंगावर त्याच्या शिरांची नक्षी उमटलेली असते. वर खोबरेल तेलाची धार, बाजूला नारळाची चटणी किंवा नारळाच्या वाटणातले मोड आलेले मूग. बास.

त्याहून अवघड ‘मूडे’. याला केवड्याची पानं लागतात. पानाच्या दोन्ही कडांना आणि मधल्या शिरेला काटे असतात; ते सुरीने काढायचे, पान विस्तवावर शेकून लवचिक करायचं आणि तिरकं गुंडाळत त्याची नळी करायची. नळीचं बूड बंद करून काडीने टोचलं की तिच्यात पीठ ओततात आणि ती उभी ठेवून उकडतात. केवड्याच्या पानाचा वास केवड्याच्या फुलासारखा उग्र नसतो. तो हिरवा, मवाळ असतो. गोकुळाष्टमीच्या आधी उडुपी-मंगळूरच्या बाजारात या नळ्या तयार करून विकायला बसलेल्या बाया दिसतात. काट्यांनी ओरखडलेल्या त्यांच्या बोटांकडे पाहिलं की त्या नळीची किंमत समजते.

या पंक्तीतली हळदीच्या पानातली पातोळी तर आपलीच. कोकणात, गोव्यात आणि मंगळूरला ती नागपंचमीला होते. गोव्यातली ख्रिस्ती घरं १५ ऑगस्टच्या मारियेच्या सणाला ती करतात. पत्रोडेही आपल्या अळूवडीचा सख्खा भाऊ, फक्त बेसनाऐवजी भिजवलेल्या तांदळाचं चिंच-गूळ-मिरची घातलेलं वाटण. पावसात झाडाच्या खोडावर उगवणारा अळू त्याला विशेष मानतात. सिंधुदुर्गात या अळूलाच रुखाळू म्हणतात. कोकणातल्या शिरवळ्या नारळाच्या गोड रसात बुडवून खाल्लेल्या माणसाला केरळातला इडियप्पम परका वाटायचं कारण नाही. आपलं फणसाचं सांदणही याच कुळातलं. ही सगळी पश्चिम किनाऱ्याची एक सलग रीत आहे. राज्यांच्या सीमा तिच्यावर नंतर पडल्या.

केरळात शिरलं की पान बदलतं. केळीच्या पानात तांदळाची उकड थापून आत नारळ-गुळाचं सारण भरलं की इला अडा. दालचिनीच्या कुळातल्या झाडाच्या पानाचा द्रोण करून त्यात फणस, गूळ आणि तांदळाचं पीठ भरून वाफवलं की कुंबिळप्पम. हा चुकवू नये. पानाचा मसालेदार वास फणसाला असा काही उचलून धरतो की वेलची घालायची गरज उरत नाही. तांदळाचं पीठ नळीत भरून वाफवतात त्या पुट्टूत सगळी परीक्षा पिठाला पाणी लावण्याची. पीठ मुठीत दाबलं की मूठ धरली पाहिजे आणि बोटाने ढकललं की मोडली पाहिजे. पाणी थोडं जास्त झालं तर नळीतून दगड निघतो. पुट्टू काळ्या हरभऱ्याच्या कडला कढीबरोबर खावा, नाहीतर पिकलेल्या नेंद्र केळ्याबरोबर कुस्करून. कोडगूचे कडंबुट्टू म्हणजे तांदळाच्या कण्यांचे उकडलेले गोळे. सोबत डुकराच्या मटणाची पंदी कढी, तिला काळा रंग आणि आंबटपणा देणारं कच्चंपुळी. ते कोकमाच्याच कुळातल्या फळाचा रस आटवून करतात.

तमिळ घरांत मासी महिना संपून पंगुनी लागताना कारडैयान नोन्बु हे व्रत येतं. भाजलेल्या तांदळाचं पीठ, चवळी, गूळ आणि खोबरं यांचे चपटे अडै वाफवून लोण्याबरोबर खातात. हा पदार्थ हॉटेलात जवळपास मिळत नाही. ओळखीचं घर शोधावं.

बाकीच्या दक्षिणेबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत, म्हणून थोडक्यात. आंध्रात मुगाचा पेसरट्टू आणि अंबाडीचं गोंगुरा पप्पू. आत्रेयपुरमचे पूतरेकुलू मात्र मुद्दाम थांबून पाहावेत: पालथ्या तापल्या मडक्यावर तांदळाच्या पातळ पिठात भिजवलेलं फडकं फिरवलं की कागदाहून पातळ पापुद्रा सुटतो, तो तूप-साखर घालून दुमडतात. तेलंगणात संक्रांतीच्या चकलीसारख्या सकिनालू. चेट्टिनाडच्या मसाल्यात आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल भेटतं, आणि काळ्या कवुनी तांदळाची खीर तिथली खास. केरळातलं कप्पा-मीन, म्हणजे टॅपिओकाचा कंद आणि मासे, यामागे त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या कंदाला दिलेलं उत्तेजन आहे.

तंजावर मात्र घाईत ओलांडता येत नाही. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत तिथे भोसल्यांचं राज्य होतं. व्यंकोजींची राणी दीपाबाई हिच्या आश्रयाने राहिलेल्या रघुनाथ नवहस्तांचा ‘भोजनकुतूहल’ आणि सरफोजीराजांच्या काळातलं ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ ही आपल्या अभ्यासकांनी उराशी धरावीत अशी साधनं. पण व्यासपीठावरून ऐकू येते ती संभाजीराजांच्या आमटीतून सांबार जन्मल्याची कथा, जिला समकालीन कागदाचा आधार नाही. कथेवर टाळ्या मिळतात, ग्रंथ कपाटात राहतात. याचं दुःख होतं.

दुःख दुसरंही आहे. पिशवीतलं तयार पीठ आता गावोगाव पोचलं. इडलीचं पीठ फुगतं ते ल्युकोनोस्टॉक जातीच्या जिवाणूंमुळे आणि उडदाच्या चिकट फेसामुळे. त्यासाठी रात्र द्यावी लागते आणि पीठ दगडाखाली थंड वाटलेलं असावं लागतं. कोइंबतूरच्या ओल्या वाटणाच्या यंत्राला भौगोलिक मानांकन मिळालं ते उगाच नाही. मिक्सरमध्ये पीठ तापतं, सोड्याने ते नुसतं फुगतं, चव येत नाही. मंगळूरकडे मूडे आता स्टीलच्या उभ्या पेल्यात होतात आणि नाव तेच राहतं. पानाशिवायचा मूडा म्हणजे लांबट इडली. ओढ्याकाठचा केवडा तोडला गेला आणि नळी वळणाऱ्या बायांच्या मुली दुसऱ्या कामाला लागल्या. त्यांना दोष देता येणार नाही, कारण त्या नळीला योग्य दाम आपण गिऱ्हाइकांनी दिला नाही.

तेव्हा पुढच्या श्रावणात सुट्टी काढता आली तर अष्टमीच्या दोन दिवस आधी उडुपी गाठावी, मूडे केवड्याच्या पानातलेच आहेत ना हे विचारून घ्यावेत आणि विकणारी सांगेल ती किंमत घासाघीस न करता द्यावी.