‘लाईन’ म्हणजे नक्की काय?

बालमित्रांनो आणि आज शाळेत आलेल्या पालकहो, सकाळपासून तुम्ही ‘लाईन’ हा शब्द किती वेळा उच्चारलात, सांगा बरे!

प्रार्थनेच्या वेळी गुरुजी म्हणतात, “लाईन सरळ करा.” निबंध लिहिताना मैत्रीण विचारते, “किती लाईनी लिहायच्या गं?” पंखा थांबला की आपण म्हणतो, “लाईन गेली.” रेशन घेऊन आलेली आई म्हणते, “केवढी मोठी लाईन होती!” मुंबईचा काका फोनवर सांगतो, “आज हार्बर लाईन बंद आहे.” बारावी झालेल्या ताईला पाहुणे विचारतात, “पुढे कोणती लाईन घेणार?” शब्द एकच, पण दर वेळी अर्थ निराळा.

हा इंग्रजी शब्द मुळात आला कुठून? ऐकून नवल वाटेल, तो आला जवसातून! होय, ज्याची चटणी आपण भाकरीशी खातो, तोच जवस. जुन्या रोमन लोकांची भाषा लॅटिन. त्या भाषेत जवसाला ‘लिनुम’ म्हणत आणि जवसाच्या धाग्याला ‘लिनेआ’. आपल्याकडे अंबाडी पाण्यात भिजत घालून वाख काढतात ना, तसाच जवसाच्या काडीपासूनही वाख निघतो. त्याचे सूत काततात व कापड विणतात. त्या कापडाला इंग्रजीत आजही ‘लिनन’ म्हणतात. जवसाच्या बीला ‘लिन्सीड’ म्हणतात. कपड्याच्या अस्तराला ‘लायनिंग’ म्हणतात, कारण पूर्वी अस्तर लिननचे असे. कार्ल लिनियस या स्वीडनच्या शास्त्रज्ञाने १७५३ साली जवसाला जे शास्त्रीय नाव दिले, त्याचा अर्थच ‘अतिशय उपयोगी’ असा आहे.

आता धाग्याचे इतके अर्थ कसे झाले ते पाहू. धागा ताणून धरला की तो सरळ होतो. म्हणून सरळ आखलेली रेघ ती लाईन. रेघेवर अक्षरे मांडली, तर ती कवितेची लाईन. रेघेवर माणसे उभी केली, तर रांग, तीही लाईन. लांबच लांब गेलेले रूळ म्हणजे रेल्वे लाईन. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी आपल्या देशातली पहिली प्रवासी आगगाडी धावली, ती लाईन साधारण ३४ किलोमीटरची होती. पुढे खांबावरून तारा गेल्या, त्याही लाईनी झाल्या. तारेतून बोलणे जाऊ लागले, म्हणून फोनवर थांबायला सांगताना इंग्रजीत ‘होल्ड द लाईन’ म्हणू लागले.

इंग्रजीत याहून जास्त अर्थ आहेत. नाटकातल्या नटाचे संवाद म्हणजे त्याच्या ‘लाईन्स’. कपडे वाळत घालायची दोरी लाईन, मासे धरायच्या गळाची दोरीसुद्धा लाईन. इंग्लंडच्या शाळांत पूर्वी मुलांना ‘लाईन्स’ची शिक्षा देत. म्हणजे एकच वाक्य शंभर वेळा लिहायचे! पण वीज गेल्यावर इंग्रज माणूस ‘लाईन गेली’ असे म्हणत नाही, तो ‘पॉवर गेली’ म्हणतो. हा अर्थ आपण आपल्याकडे रुळवला.

आपल्या गवंड्यांची गंमत तर पुढेच आहे. भिंत सरळ यावी म्हणून ते जी दोरी बांधतात, तिला ‘लाईनदोरी’ म्हणतात. लाईन म्हणजे मुळात दोराच. म्हणजे ‘दोरी-दोरी’ झाली की!

आता माझ्या घरी घडलेली गोष्ट सांगते. तिच्यामुळेच मी हा लेख लिहायला घेतला.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीवरची मोटर पाणी ओढेना. दादाने ती बंद केली. बाबा विहिरीजवळ स्टार्टरची पेटी उघडायला गेले. मेन स्विच लांब खोपीत होता. ठिबकचा कॉकही तिथेच आहे. दादा खोपीपाशी उभा होता. बाबांनी ओरडून विचारले, “अरे, लाईन बंद केली का?” दादाने तेवढ्यातच ठिबकचा कॉक फिरवला होता. त्याला वाटले, बाबा पाण्याची लाईन विचारताहेत. तो ओरडला, “केली!”

बाबांनी पेटी उघडली. पण हात घालण्याआधी टेस्टर लावायची त्यांची सवय आहे. टेस्टर लावला, तर तो पेटला! मेन स्विच चालूच होता. मोटर थांबली म्हणजे पेटीतली वीज गेली असे नसते, हे मला त्या दिवशी कळले.

त्या रात्री घरात कुणी फारसे बोलले नाही. दादा तर जेवलाच नाही. बाबा त्याला म्हणाले, “तुझी चूक नाही रे, मीच अर्धवट विचारलं.” आजी मात्र म्हणाली, “लाईन लाईन काय करता? वीज म्हणा, नाहीतर पाणी म्हणा. आपल्याला शब्द नाहीत व्हय?”

आजीचे बोलणे मला पटले. मी वहीत लिहून पाहिले. वहीत ओळ, भूमितीत रेषा, दुकानापुढे रांग, गवंड्याची दोरी, खांबावर तार, गाडीचे रूळ. इंग्रजी एका शब्दावर जेवढी कामे भागवते, तेवढ्यांना आपल्याकडे वेगवेगळे शब्द आहेत.

म्हणून ‘लाईन’ म्हणूच नये का? तसे नाही. रांगेला लाईन म्हटले तर कुणाचे काही बिघडत नाही. शेजारचा शब्द पाहिला की अर्थ कळतो. ‘लाईन आखा’ म्हटले की रेघ, ‘लाईनीत उभे राहा’ म्हटले की रांग. पण ‘लाईन बंद आहे’ एवढ्यावर अर्थ कळत नाही. फोन बंद, पाणी बंद की वीज बंद? जिथे जिवाशी गाठ आहे, तिथे पूर्ण शब्द बोलावा. आणि ‘लाईन गेली’ म्हणून तारेला कधी हात लावू नये, कारण गेलेली वीज कोणत्या क्षणी येईल ते सांगता येत नाही. तार तुटून पडलेली दिसली तर लांब राहावे आणि मोठ्या माणसांना सांगून लाईनमनला बोलवावे.

आमच्या घरी आता नियम झाला आहे. बाबा विचारतात, “वीज बंद केली का?” दादा उत्तर देतो, “वीज बंद केली, मेन स्विच पाडला.” आणि तरीही बाबा टेस्टर लावतातच.

पालकहो, तुम्हीही घरी असेच विचारत जा, एवढीच विनंती.

— इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी