व्हिदर, व्हेन्स आणि व्हेअरफोर

आजची इंग्रजी 'कुठे' आणि 'कुठल्या दिशेला' हे दोन्ही प्रश्न 'व्हेअर' या एकाच शब्दावर भागवते. शेक्सपिअरच्या काळी त्यांसाठी वेगळे शब्द होते: 'व्हेअर' म्हणजे कुठे, 'व्हिदर' म्हणजे कुणीकडे, 'व्हेन्स' म्हणजे कुठून. जवळच्या जागेसाठी 'हिअर, हिदर, हेन्स', दूरच्या जागेसाठी 'देअर, दिदर, देन्स'. नऊ शब्दांचा हा गोंधळ वरवरचाच आहे. शब्दाचा आरंभ जागा सांगतो आणि शेवट दिशा. मराठीतल्या 'इकडे-तिकडे', 'इथून-तिथून' यांची घडणही अशीच आहे.

'व्हेन्स'च्या शेवटचा 'स' मात्र मुळातला नाही. हजार वर्षांपूर्वीचे रूप 'ह्वनन' असे होते. मध्ययुगात त्याला षष्ठीचा 'एस' प्रत्यय चिकटला. पुढे त्याचा उच्चार 'झ' नसून 'स' आहे हे दाखवण्यासाठी तो 'सीई' असा लिहिला जाऊ लागला. 'वन्स' आणि 'ट्वाइस' यांचे स्पेलिंगही याच वाटेने आले. 'व्हेन्स'मध्येच '-ऊन'चा अर्थ असल्याने 'फ्रॉम व्हेन्स' ही द्विरुक्ती ठरते. सॅम्युएल जॉन्सनने 1755 च्या कोशात हा प्रयोग सदोष ठरवला. पण 1611 च्या बायबलच्या भाषांतरातही तो आहे, तेव्हा दोष निदान प्रतिष्ठित म्हणायला हवा.

सर्वांत जास्त फसवतो तो 'व्हेअरफोर'. त्यात 'व्हेअर' दिसतो, म्हणून बाल्कनीतली ज्युलिएट 'रोमिओ, तू कुठे आहेस?' असे विचारते, असा समज पसरला. 'व्हेअरफोर' म्हणजे कशासाठी, का. तिचा प्रश्न नावाचा आहे: तो रोमिओच, म्हणजे वैरी घराण्यातलाच, का असावा? 'देअरफोर' म्हणजे 'म्हणून', हे लक्षात ठेवले की जोडी आपोआप जुळते.

'व्हिदर'शी घोटाळा होतो तो 'विदर' आणि 'वेदर' (एक कोमेजणे, दुसरा 'की' या अर्थाचा) यांचा. कोमेजण्याचा 'विदर' बहुधा हवामानाच्या 'वेदर'मधूनच निघाला. ऊनवारा लागून सुकणे हा त्याचा मूळ भाव. 'की' या अर्थाचा 'वेदर' मात्र निराळ्या कुळातला. 'दोहोंपैकी कोणता' हा त्याचा जुना अर्थ, आणि संस्कृतातला 'कतर' हा त्याचा सख्खा भाऊबंद.