बाळाचा मोतीबिंदू पिकू देऊ नका

मोतीबिंदू म्हटला की आजी-आजोबा डोळ्यांसमोर येतात. परंतु तो तान्ह्या बाळालाही होतो. काही घराण्यांत तो आनुवंशिक असतो. गरोदरपणी आईला रुबेला झाल्यासही बाळाला होऊ शकतो. पुष्कळदा कारण सापडत नाही.

लोणार परिसरातील पालक मला विचारतात, "डॉक्टरसाहेब, थोडा पिकू द्यावा का? सोयाबीन निघालं की नेतो." मोठ्या माणसाचे दोन-चार महिन्यांनी सहसा फारसे बिघडत नाही. बाळाचे तसे नाही. पाहायला डोळ्याबरोबर मेंदूही शिकत असतो. सुरुवातीच्या महिन्यांत त्याला अंधुकच दिसत राहिले, तर तो त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो. यालाच 'आळशी डोळा' म्हणतात. म्हणून जन्मजात दाट मोतीबिंदू एका डोळ्यात असल्यास साधारण ६ आठवड्यांच्या आत, दोन्ही डोळ्यांत असल्यास ८ ते १० आठवड्यांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी.

ही शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन करतात. बाळाचे भिंग मऊ असल्याने ते बारीक छेदातून ओढून काढता येते. भिंगामागचे आवरण लहान मुलांत लवकर गढूळ होते. म्हणून त्याला मध्यभागी छिद्र पाडून मागचा जेलीसारखा पदार्थही थोडा काढतात.

कृत्रिम भिंग साधारण २ वर्षांपुढील मुलांत बसवतात. एका डोळ्यात मोतीबिंदू असलेल्या, ७ महिन्यांखालील बाळांवर अमेरिकेत अभ्यास झाला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, साडेचार वर्षांच्या वयात भिंग बसवलेल्या आणि कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्या मुलांची नजर सारखीच होती; भिंग बसवलेल्यांना मात्र पुन्हा शस्त्रक्रिया अधिक लागल्या.

शस्त्रक्रियेने काम निम्मेच होते. पुढे चष्मा किंवा लेन्स नेमाने वापरावी लागते. एकच डोळा अधू असल्यास चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी बांधावी लागते. मूल रडते म्हणून पट्टी सोडली, तर उत्तम शस्त्रक्रियाही वाया जाते. काही वर्षांनी काचबिंदूही होऊ शकतो. म्हणून डोळ्यांचा दाब कायम तपासत राहावा.

बाळाची बाहुली पांढरी दिसली, डोळे सारखे हलत असले, तिरळेपणा आला किंवा तीन महिन्यांचे होऊनही ते आईच्या चेहऱ्याकडे पाहत नसले, तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांना दाखवा. पांढरी बाहुली क्वचित डोळ्याच्या कर्करोगाचेही लक्षण असते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात मोतीबिंदूची तपासणी व उपचार मोफत आहेत. आशाताईंना किंवा अंगणवाडीत विचारा.

पीक पुढच्या हंगामीही येते. बाळाच्या नजरेचा हंगाम मात्र एकदाच असतो.