तुमेन नदीपलीकडच्या साक्षी

उत्तर कोरियातल्या रोजच्या जगण्याविषयी आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातलं बरंचसं तिथून निसटलेल्यांनी सांगितलेलं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगालाही देशात पाऊल टाकू दिलं नाही. २०१४ चा त्याचा अहवाल सोल, टोकियो, लंडन, वॉशिंग्टन इथल्या ८०हून अधिक जाहीर साक्षींवर आणि २४०हून अधिक गोपनीय मुलाखतींवर उभा आहे.

मला कोरियन येत नाही. इंग्रजीतून मिळेल ते गेली काही वर्षं वाचतो आहे. छावण्यांची वर्णनं अंगावर येतात, पण माझं मन अडतं ते ‘इनमिनबान’पाशी. वीस ते चाळीस घरांचा हा शेजारगट. त्याची प्रमुख बहुधा एखादी बाईच. कुणाकडे पाहुणा मुक्कामाला आला, तर तिच्याकडे नोंद हवी. रात्री तपासणी आली, की सोबत तीच. कोण ऐपतीबाहेर खर्च करतं, हेही तिला ठाऊक असावं लागतं. आणि हीच बाई कधी चार पैसे घेऊन, कधी नुसत्या शेजारधर्माने डोळेझाकही करते. (आपल्या चाळीत वाढलेल्याला हे समजायला वेळ लागत नाही.)

१९९०च्या दशकात रेशन कोलमडलं, दुष्काळ पडला. पगार मिळो न मिळो, पुरुषांना कामावर हजेरी सक्तीची होती; लग्न झालेल्या बायकांना नव्हती. म्हणून बाजारात त्या बसल्या आणि पुढे नदी ओलांडणाऱ्यांतही त्याच जास्त निघाल्या. दक्षिणेत पोचलेल्या सुमारे ३४,००० जणांत दहांमागे सात बायका आहेत. बहुतेक जण चीनला लागून असलेल्या उत्तर हामग्योंग आणि र्‍यांगगांग या प्रांतांतले. प्योंगयांगचं सुस्थितीतलं कुटुंब या साक्षींत क्वचितच भेटतं.

हे मला उशिरा कळलं. छावणीतून पळालेल्या एका प्रसिद्ध तरुणाची कहाणी मी आमच्या वाचनालयात रंगवून सांगितली होती. २०१५ मध्ये त्यानेच कबूल केलं, की काही प्रसंगांची ठिकाणं आणि काळ वेगळे होते. छळ खोटा नव्हता. त्याच्या अंगावरचे व्रण खरेच होते. पण माझे श्रोते केव्हाच घरी गेले होते.

आता कुठलीही साक्ष वाचताना मी आधी गाव आणि देश सोडल्याचं साल वहीत टिपतो. २००९च्या अखेरीस सरकारने जुन्या १०० वोनचा नवा १ वोन केला, बदलून घ्यायच्या रकमेवर मर्यादा घातली आणि बाजारवाल्या बायकांची साठवण बुडाली. त्याआधी निघालेली बाई आणि त्यानंतर निघालेली बाई एकाच बाजाराविषयी वेगवेगळं सांगते.