पिंगळा आणि रानपिंगळा : ओळख व रक्षण

आपल्या शाळांतून पक्ष्यांची ओळख करून देताना घुबडाच्या जातीतील सर्व पक्षी बहुधा 'घुबड' या एकाच नावाखाली सांगितले जातात. तळोदा तालुक्यातील शिक्षकांनी तरी असे करू नये. कारण जगात अत्यंत थोड्या ठिकाणी आढळणारा रानपिंगळा हा आपल्याच सातपुड्याचा रहिवासी होय.

या पक्ष्याचे पहिले शास्त्रीय वर्णन ह्यूम यांनी १८७३ साली केले. पुढे जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने पश्चिम खानदेशात त्याचे काही नमुने मिळविले. १८८४ नंतर मात्र खात्रीलायक नोंद झाली नाही. १९१४ सालचा म्हणून दाखविलेला गुजरातेतील एक नमुना खोट्या चिठ्ठीचा ठरला. हे उघडकीस आणणाऱ्या पामेला रासमुसेन यांनी सहकाऱ्यांसह जुन्या खऱ्या ठिकाणांचा शोध घेतला, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळील वनात तो पुन्हा दिसला. नंतर तळोदा, तोरणमाळ व मेळघाट येथेही तो आढळला.

दोन्ही पक्षी सुमारे वीतभर लांबीचे असल्याने गफलत सहज होते. यास्तव पुढील भेद ध्यानी घ्यावेत :

१. डोके : पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात, रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे असते.

२. छाती : रानपिंगळ्याच्या छातीचा वरचा भाग गडद तपकिरी व पोटाचा मध्यभाग पांढरा असतो. पिंगळ्याच्या छाती-पोटावर तुटक तपकिरी खुणा असतात.

३. वस्ती : पिंगळा गावातील जुन्या झाडांत व पडक्या भिंतींत राहतो, रानपिंगळा विरळ सागवानी वनात राहतो.

४. वेळ : पिंगळा मुख्यतः तिन्हीसांजेनंतर शिकार करतो, रानपिंगळा दिवसा. तथापि पिंगळाही दिवसा ढोलीबाहेर बसलेला दिसतो. म्हणून केवळ वेळेवरून निर्णय करू नये.

पिंगळा सर्वत्र विपुल असून त्यास तूर्त धोका नाही. रानपिंगळा मात्र आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत पूर्वी 'अतिसंकटग्रस्त' होता. आणखी ठिकाणी आढळल्यामुळे २०१८ साली तो 'संकटग्रस्त' या वर्गात आला. प्रौढ पक्षी हजाराच्या आतच असावेत, असा अंदाज आहे. वनतोड हे त्याच्यावरील मुख्य संकट होय. दोहोंच्या नावांत भेद न केल्यास गावात पिंगळे दिसत राहतील आणि रानातील रानपिंगळा नाहीसा झाल्याचे कोणास कळणारही नाही.

शिक्षकांनी पुढीलप्रमाणे कार्य करावे. विद्यार्थ्यांस पक्षी दिसल्यास तारीख, वेळ, स्थळ व झाडाचे नाव वहीत लिहावयास सांगावे. ढोलीत हात घालू देऊ नये. घुबड अशुभ नसून उंदीर व कीटक खाणारा शेतकऱ्याचा मित्र आहे, हे पालकसभेत समजावून द्यावे. वाळलेले पोकळ झाड निरुपयोगी नव्हे. तेच त्याचे घर असते, हेही सांगावे. रानपिंगळा दिसल्याची खात्री वाटल्यास जवळच्या वनरक्षकास कळवावे.