सोलो नदीचा गाळ

पावसाळ्यात नदीला पूर येतो, तेव्हा तिचे पाणी दगडगोटे, वाळू आणि माती आपल्याबरोबर वाहून नेते. पाण्याचा वेग मंदावू लागला, की प्रथम जड गोटे तळाशी बसतात, मागाहून वाळू बसते, आणि अगदी संथ पाण्यातून बारीक गाळ साचतो. म्हणून काठावरची एखादी दरड नीट पाहिली, तर तेथे एके काळी पाणी कसे वाहत होते, हे तिच्यातील थरांवरून ओळखता येते.

जावा बेटातील सोलो नदीच्या अशाच थरांत आदिमानवाचे अवशेष सापडले आहेत. इ. स. 1891 मध्ये यूजीन द्युब्वा या डच वैद्यास त्रिनिल येथे एका कवटीचा माथ्याकडील भाग मिळाला. पुढच्या वर्षी जवळच मांडीचे एक हाड मिळाले. ही दोन्ही हाडे एकाच जीवाची, असे त्याने मानले. परंतु ते मांडीचे हाड आजच्या माणसाच्या हाडासारखे आहे, कवटी मात्र तशी नाही. नदी आपला जुना काठ कापते आणि त्यातील हाडे नव्या गाळात मिसळते. तेव्हा शेजारी सापडलेली हाडे एकाच देहाची असतीलच, असे नव्हे.

त्रिनिलपासून प्रवाहाच्या खालच्या अंगाला न्गान्दोंग हे गाव आहे. तेथे आजच्या पात्रापासून सुमारे 20 मीटर उंचीवर वाळूचा व बारीक गोट्यांचा एक जुना थर आहे. सन 1931 ते 1933 या काळात तो खणला, तेव्हा जनावरांची 25,000 हून अधिक हाडे निघाली. त्यांतच मानवी कवट्यांचे 12 माथे आणि नडगीची 2 हाडे होती. एकाही कवटीला चेहरा नव्हता, दात नव्हते. त्यामुळे काही पंडितांनी तर्क केला, की या लोकांना ठार करून कोणी त्यांचा मेंदू खाल्ला असावा!

ज्यांना उत्तर देता येत नाही अशा मृतांच्या काळावर हा आरोप होता. त्याचा निवाडा करताना कवट्यांबरोबर तो थरही पाहणे अवश्य होते. त्यातील जनावरांची हाडेही बहुतेक सांध्यांतून सुटलेली आहेत. चेहऱ्याची हाडे पातळ असतात व लवकर फुटतात. माथ्याचे हाड जाड असते, ते टिकते. पुराच्या लोंढ्यात जे घडावे तेच येथे घडलेले दिसते. नरभक्षक शोधण्याचे कारण उरत नाही.

पण पात्रातील थर इतका उंच कसा गेला? सोलो नदी पूर्वी दक्षिणेकडे हिंदी महासागरास मिळत असे. दक्षिणेकडील डोंगर उंचावत गेले आणि सुमारे पाच लक्ष वर्षांपूर्वी तिची वाट अडली. ती उत्तरेकडे वळून केंडेंग टेकड्यांतून वाहू लागली. जमीन उचलली जात होती आणि नदी आपले पात्र खोल कापीत होती. त्यामुळे जुन्या पात्राचे तुकडे काठावर पायऱ्यांसारखे उरले. त्यांतील वरची पायरी जुनी, खालची नवी. या पायऱ्यांचे आणि हाडांचे वय निरनिराळ्या रीतींनी मोजून 2019 साली संशोधकांनी न्गान्दोंगचा थर 1,17,000 ते 1,08,000 वर्षांपूर्वीचा ठरविला. 'होमो इरेक्टस' या मानवजातीचे इतके अलीकडचे अवशेष अन्यत्र सापडलेले नाहीत. मात्र त्या लोकांची वस्ती न्गान्दोंगलाच होती, असे त्यावरून म्हणता येत नाही. ते वरच्या अंगाला कोठे तरी मेले. त्यांची हाडे येथे आणून टाकली ती नदीने.