99.9 टक्के म्हणजे नापास

हिंदी महासागराच्या पार दक्षिणेला, केप टाउनपासून सुमारे 2000 किलोमीटरवर, दक्षिण आफ्रिकेचं मॅरियन बेट आहे. क्षेत्रफळ जवळपास 300 चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या निम्मं. कायमची मनुष्यवस्ती नाही, फक्त हवामानाचं आणि संशोधनाचं एक ठाणं. या ठाण्यात उंदरांचा उच्छाद झाला म्हणून 1949 मध्ये तिथे पाच मांजरं नेली.

1977 पर्यंत त्या पाचांची सुमारे 3400 झाली. उंदरांपेक्षा सोपं भक्ष्य त्यांना बिळांमध्ये घरटी करणाऱ्या पेट्रेल पक्ष्यांत मिळालं. जमिनीवरून चालत येणारा शिकारी या पक्ष्यांनी बेटावर कधी पाहिलाच नव्हता. सत्तरच्या दशकात मांजरं वर्षाला साधारण साडेचार लाख पक्षी मारत असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज होता. हिशेब मांडला तर दर 70 सेकंदांना एक पक्षी, रात्रंदिवस, बारा महिने.

मग मांजरं हटवण्याचं काम सुरू झालं. आधी त्यांच्यात रोगाचा विषाणू सोडला आणि पाच वर्षांत संख्या सहाशेच्या आसपास आली. पण विषाणूचा जोर ओसरत गेला. तेव्हा 1986 पासून माणसं बंदुका आणि प्रखर दिवे घेऊन रात्री त्या थंडी-वाऱ्यात हिंडू लागली. तीन मोसमांत 14,725 तासांची शिकार आणि गोळीला बळी पडलेली मांजरं 872. एका मांजरामागे सरासरी 17 तास! आणि संख्या घटते तसं उरलेलं प्रत्येक मांजर आणखी महाग पडतं. सापळे आणि विष वापरून शेवटचं मांजर संपवायला 1991 उजाडलं.

उंदीर मात्र राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सीलच्या शिकाऱ्यांच्या जहाजांतून आलेले हे घरातले साधे उंदीर, वजन जेमतेम 20 ग्रॅम. हवामान उबदार होत गेलं, त्यांचा विणीचा काळ लांबला, बेटावरचे किडे त्यांनी जवळजवळ फस्त केले आणि मग ते पक्ष्यांकडे वळले. जगातल्या भटक्या अल्बाट्रॉसपैकी सुमारे चौथा हिस्सा मॅरियनवर वीण करतो. पंखांचा विस्तार तीन मीटरपेक्षा जास्त, वजन आठ-दहा किलो, म्हणजे उंदराच्या चारशे ते पाचशे पट. तरी रात्री उंदीर अंगावर चढून पिल्लाला जिवंत कुरतडतात आणि ते जागचं हलत नाही, कारण या धोक्याची जाणच त्याच्या रक्तात नाही. 2023 मध्ये तर प्रौढ पक्षीही असे मेलेले सापडले. अल्बाट्रॉसची जोडी दोन वर्षांतून एकच अंडं घालते. उंदरीण तीन आठवड्यांत सहा-सात पिल्लं देते. वाचताना पोटात कालवतं, पण आकडे हे असेच आहेत.

बेटावर उन्हाळ्याच्या अखेरीस दहा लाखांहून अधिक उंदीर असावेत, असा अंदाज आहे. त्यांचं एकूण वजन होतं 20 टन. त्यांच्यासाठी हेलिकॉप्टरमधून सुमारे 600 टन विषारी आमिष टाकण्याची योजना आहे, तीसपट! कारण उंदीर थोड्याच मीटरांच्या टापूत फिरतो. आमिष त्या प्रत्येक टापूत, कड्याकपारीतही पडलं पाहिजे. 99.9 टक्के उंदीर मेले तरी हजार उरतील, आणि एक गाभण मादी उरली तरी पुरे. अटलांटिकमधल्या गॉफ बेटावर 2021 मध्ये असंच आमिष टाकलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात कॅमेऱ्यात एक उंदीर दिसला आणि मोहीम फसली.

हे अशक्य मात्र नाही. दक्षिण जॉर्जिया बेटावर 2011 ते 2015 दरम्यान सुमारे 1000 चौरस किलोमीटरवर 300 टनांहून अधिक आमिष टाकलं, नंतर शिकवलेल्या कुत्र्यांनी बेट हुंगून काढलं आणि 2018 मध्ये ते उंदीरमुक्त जाहीर झालं. खर्च सुमारे एक कोटी पौंड.

विषाने बेटावरचे काही मूळ पक्षीही मरतील, हे खरं आहे आणि मला ते सलतं. तरीही मॅरियनवर हे करावं, असंच माझं मत आहे. मात्र करायचं तर पैसा, हेलिकॉप्टरं, माणसं सगळं पुरेसं हाताशी आल्यावर, एकदाच. निम्म्या तयारीने ते 600 टन आमिष टाकण्यापेक्षा वर्षभर थांबलेलं बरं.